पिकू दे

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास मला एक मेल आला आणि त्यात माझंच वाक्य होतं. ‘तीस दिवसांच्या आत लेखी उत्तर न आल्यास संमती आहे असे समजण्यात येईल.’ हे वाक्य मी बारा वर्षांपूर्वी लिहिलं. आमची कंपनी लिफ्ट बनवते. लिफ्ट बसवून झाली की बिल्डर लोक दोन-दोन वर्षं तक्रारी उकरून काढत बसायचे, दार खरखरतं, दिवा मंद आहे, आरशाला चरा आहे, आणि वकिलांची पोटं भरायची. मी करारात हे एक वाक्य घातलं आणि भांडणं बंद झाली. लिफ्ट ताब्यात दिली, तीस दिवस थांबलो, समोरचा गप्प बसला, संपला विषय. त्या वाक्याच्या जोरावर मी करार विभागाची प्रमुख झाले. धंद्यात लोक मला माझ्यामागे ‘तीस-दिवस’ म्हणतात. तीस-दिवस आली का, तीस-दिवसचा मूड कसा आहे. मला त्याचा कधी राग आला नाही, उलट आतून गुदगुल्याच व्हायच्या. म्हणून त्या मेलमध्ये ते वाक्य दिसल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल, तर कोणीतरी माझा मसुदा ढापला, आणि ढापण्यासारखा आहेच मुळी. एवढा अभिमान वाटून झाल्यावर मग मी वरची ओळ वाचली. आपल्या नावे साठवलेल्या दोन भ्रूणांबाबत कलम नऊनुसार पुढील प्रक्रिया काल पूर्ण करण्यात आली आहे, असं तिथे लिहिलं होतं.

मी खुर्ची मागे सरकवली आणि पुन्हा पुढे घेतली. तेवढंच केलं. काचेच्या भिंतीपलीकडे माझी सेक्रेटरी सफरचंद खात होती आणि मला तिच्या चावण्याचा आवाज ऐकू येत होता, जो काचेतून येणं शक्यच नव्हतं. मग मी त्या केंद्राला फोन लावला. पलीकडची बाई अगदी तरुण आवाजाची होती, आणि इतकी नम्र की तिच्यावर ओरडताही येईना. “मॅडम, नियमाप्रमाणेच झालंय,” ती म्हणाली. “एक पत्र गेलं, दोन मेल गेले, दोनदा फोन केला. तुम्ही मीटिंगमध्ये होतात.” मी विचारलं, “पण सह्या दोघांच्या लागतात ना?” ती म्हणाली, “चालू ठेवायला दोघांच्या. बंद करायला नाही लागत. काही नाही आलं तरी पुरतं.” काल किती वाजता, असं मी विचारलं. हे कशाला विचारलं मला माहीत नाही. ती जरा घुटमळली आणि म्हणाली, “दहा वाजता, मॅडम.” काल दहा वाजता मी लिफ्टमधल्या पितळी पाटीवर चर्चा करत होते. ‘तेरा व्यक्ती’ असं लिहिलं तर लहान मुलं व्यक्तीत धरायची का, असा एका ग्राहकाचा प्रश्न होता, आणि मी म्हटलं होतं, मूल वजनात धरा, मोजणीत धरू नका. सगळे हसले होते.

ती दोन नऊ वर्षांपूर्वीची होती. तेव्हा तीन झाली होती. त्यातली एक आता आठ वर्षांची आहे, तिचे पुढचे दोन दात पडलेत आणि ती माझ्याशी कमरेवर हात ठेवून बोलते. उरलेली दोन तशीच गोठवून ठेवली. नवरा त्यांना ‘मंडळी’ म्हणायचा. उकाड्याच्या दिवसांत पंख्याखाली आडवा होऊन म्हणायचा, मंडळींची मजा आहे बुवा. कधी मी फार उशिरा घरी आले की म्हणायचा, मंडळी विचारत होती तुला. विनोद करायचा आणि लगेच माझ्या तोंडाकडे बघायचा, लागला तर नाही ना म्हणून. तो शाळेत भूगोल शिकवतो, तेही आता अर्धाच दिवस, कारण उरलेला अर्धा दिवस घराला लागतो आणि तो माझ्याकडे नाही. त्यानं मला कधी कशाचा आग्रह केला नाही. त्याचा हा चांगुलपणा मला वर्षानुवर्षं फार आवडत आला. आज फोन ठेवल्यावर पहिल्यांदा वाटलं, एकदा तरी हात धरून भांडला असता तर.

आधी आमची मंडळी एका डॉक्टरांकडे होती. मग कंपनीनं वरच्या पदावरच्या बायकांसाठी सवलत काढली, साठवणीची सोय कंपनीतर्फे. पुरुषांना गाडी आणि बायकांना फ्रीज, असं मीच त्या वेळी म्हटलं होतं आणि मीच पहिल्यांदा अर्ज भरला होता. त्या केंद्राशी कंपनीनं केलेला करारही अर्थात माझ्याच विभागातून गेला. माझी ज्युनिअर, हुशार पोरगी, नखं कुरतडते, तिनं आमचा नेहमीचा मसुदा उचलला, लिफ्टच्या जागी जे घालायचं ते घातलं आणि कलम नऊवर बोट ठेवून मला विचारलं, “मॅडम, हे इथे लागू होईल का?” मी दुसऱ्या फोनवर होते. फोनवर हात ठेवून मी तिला सांगितलं, “सगळीकडे लागू होतं.” खाली माझी सही आहे. ती मी आज कॉम्प्युटरवर उघडून पाहिली. सही सुरेख आहे, घाईत केल्यासारखी अजिबात वाटत नाही.

माझ्या टेबलावर तीन ट्रे असतात. पहिला ‘आज’, दुसरा ‘आठवडा’, तिसऱ्यावर सेक्रेटरीनं चिठ्ठी डकवलीय, ‘पिकू दे’. हा शब्द माझा. नवीन आलेल्यांना मी सांगते, ऑफिसात येणारे निम्मे कागद असे असतात की त्यांना हात लावला तर ते चिघळतात आणि तसेच ठेवले तर आपोआप पिकून गळून पडतात. पत्र लिहिणारा निवृत्त होतो, रागावलेला थंड होतो, दुसराच कोणी निर्णय घेतो. कोणता कागद कोणत्या ट्रेमध्ये टाकायचा हे कळलं की माणूस वर चढतो, बाकी सगळं हमाली. मी असं म्हणते आणि ती पोरं वहीत लिहून घेतात. सेक्रेटरीला मी आत बोलावलं आणि तिसरा ट्रे आणायला सांगितला. तिनं तो दोन्ही हातांनी आणला. वरून सातवा की आठवा कागद तो होता. त्या केंद्राचं पत्र, खाली सहीसाठी दोन रेघा, एका रेघेवर नवऱ्याची निळ्या शाईतली सही, तारीख एकतीस दिवसांपूर्वीची. ‘साठवण चालू ठेवावी’ या चौकोनात त्यानं शाळामास्तरासारखी ठसठशीत बरोबरची खूण केली होती. वर एक पिवळी चिठ्ठी होती. ‘घाई नाही. तुला वाटलं तरच.’

आमच्याकडे घरच्या सह्यांची रीत अशी आहे. मुलीच्या शाळेचे फॉर्म, सोसायटीचे कागद, विम्याचं काही, नवरा भरून ठेवतो आणि रविवारी माझ्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात सरकवतो. सोमवारी सकाळी सेक्रेटरी तो कप्पा रिकामा करते, मी जाता-येता सह्या करते आणि कागद त्याच वाटेनं परत जातात. तोंडानं बोलायची गरज पडत नाही. लोकांच्या घरात भांडणं होतात, आमच्या घरात कागद फिरतात, असं मी मैत्रिणींना सांगून हशा मिळवलाय. सेक्रेटरी चिठ्ठीकडे बघत उभी होती. तिला कागदात काय आहे ते माहीत नव्हतं, पण माझ्या तोंडावरून काहीतरी कळलं असावं. “मॅडम, त्यावर ‘घाई नाही’ लिहिलं होतं,” ती म्हणाली, “म्हणून मी त्यात टाकलं.” मी म्हटलं, “बरोबर केलंस.” खरंच बरोबर केलं होतं तिनं. मी तिला सहा वर्षं हेच शिकवलं.

आणि आता लपवून काय उपयोग आहे. मी तो कागद पाहिला होता. तो ट्रेमध्ये पडला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, दुसरंच काही शोधताना ट्रेमध्ये हात घातला तेव्हा वरच्या कोपऱ्यातलं केंद्राचं हिरवं चिन्ह दिसलं होतं, पिवळी चिठ्ठीही दिसली होती, आणि मी वरचे कागद पुन्हा त्यावर ठेवून हातानं सारखे केले होते. वाचला नाही, पण काय आहे ते कळलं होतं. पुढच्या महिन्यात संचालक मंडळावर एक जागा रिकामी होणार होती. ती झाली की बघू, असं वाटलं. त्याआधी विलीनीकरण झालं की बघू, असं वाटलं होतं. त्याच्याआधी एका धरणाएवढ्या दाव्याचा निकाल लागला की बघू. मुलगी शाळेत जायला लागली की बघू, हे तर सर्वांत आधीचं. दर वेळी कारण अगदी खरं होतं. एकही खोटं कारण मी स्वतःला दिलं नाही, आणि खऱ्या कारणांनीच माझी नऊ वर्षं खाल्ली. मी आता पंचेचाळीस वर्षांची आहे. डॉक्टरीणबाईंनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, आता नवीन काही निघणार नाही, जे ठेवलंय तेवढंच तुमचं. मी तेव्हा म्हटलं होतं, ठेवलंय ना, मग झालं. ठेवलेलं आहे याचा मला इतका भरवसा होता की ते घ्यायलाही लागतं हे सुचलंच नाही.

आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. पाच मुलं, मी चौथी. तिच्या कानावर हेडफोनचा पट्टा इतकी वर्षं होता की सुट्टीच्या दिवशीही ती डावीकडे मान कलवून ऐकायची. आम्ही पाचही जण एका खोलीत आडवे झोपायचो, कुणाचा पाय कुणाच्या पोटावर, आणि पाणी प्यायला उठलेल्याची जागा परत येईपर्यंत गेलेली असायची. आई उभ्यानं जेवायची. तिला मी बसून जेवताना पाहिल्याचं मला आठवत नाही, आणि मी दहा-बारा वर्षांची असताना भिंतीकडे तोंड करून ठरवलं होतं की मी बसून जेवीन आणि माझ्या मुलाला स्वतःची खोली असेल. दोन्ही झालं. मुलगी झाल्यावर आई चार दिवस राहून गेली तेव्हा मी तिला विचारलं, “पाच कशी गं काढलीस, नोकरी करून?” ती म्हणाली, “विचार करायला वेळ कुठे होता? तुम्हाला वेळ मिळतो, म्हणून तुम्हाला होत नाहीत.” मी चिडले होते. वेळ मिळतो, आणि मला? मी अकराव्या आठवड्यात कामावर रुजू झाले होते. फायलींच्या खोलीत कडी लावून दूध काढायचे, बाटली पॅण्ट्रीतल्या फ्रीजमध्ये ठेवायचे, आणि कोणी कॉफीत ओतू नये म्हणून वर लाल अक्षरांत लिहायचे, ‘पुरावा. हात लावू नये.’ हा किस्सा मी भाषणांतही सांगते. आमच्या मॅनेजिंग डायरेक्टरला तो फार आवडतो. त्याला तीन मुलं आहेत, तिघांचे फोटो त्याच्या टेबलावर एका रांगेत असतात, आणि येणारे-जाणारे म्हणतात, माणूस किती घरगुती आहे. माझ्याकडे एक फोटो आहे, तो मी ड्रॉवरमध्ये ठेवते, कारण टेबलावर ठेवला तर म्हणतील, बाईला घरी जायची घाई असेल.

मला दुसरं मूल हवं होतं. हे वाक्य मी आज दुपारी पहिल्यांदा पूर्ण उच्चारलं, तेही बाथरूममध्ये, नळ सोडून. हवं होतं, नुसतं चाललं असतं असं नाही. मला तो दुसऱ्यांदाचा जडपणा हवा होता, तो बाळाच्या मानेचा वास, पहिल्या वेळी धावपळीत जे सगळं निसटलं ते एकदा सावकाश हवं होतं. पहिलं पाऊल मी मोबाइलवर पाहिलं. दुसऱ्याचं मी जमिनीवर बसून बघणार होते. असं मी मनाशी पक्कं करून ठेवलं होतं आणि कोणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही, कारण सांगितलं असतं तर तारीख ठरवावी लागली असती. आरशात बघितलं तर चेहरा नेहमीसारखाच होता. मी तोंड धुतलं, ओठांना रंग लावला आणि सेक्रेटरीला सांगितलं की मी घरी जातेय. तिनं घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजले होते.

खाली येताना लिफ्टमध्ये मी एकटी होते. आमच्याच कंपनीची लिफ्ट. नवीन लिफ्ट तपासताना आत माणसं घालत नाहीत, लोखंडी वजनं घालतात आणि वर-खाली फिरवतात, आणि दार उघडलं की ती वजनं कोपऱ्यात निमूट बसलेली दिसतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला त्याचं हसू यायचं. गाडीत बसल्यावर मी काय बोलायचं ते जुळवायला लागले. पहिला मसुदा असा, की केंद्राची चूक झाली. दुसरा असा, की पत्र गहाळ झालं. तिसरा खरा होता, आणि तो सर्वांत लहान होता. मी सही केली नाही. एवढंच वाक्य. मी ते सिग्नलवर मोठ्यानं म्हणून पाहिलं आणि शेजारच्या गाडीतल्या माणसानं काच वर केली.

दार मुलीनं उघडलं. मला बघून तिचं तोंड उतरलं. “आई, कोणी गेलं का?” तिनं विचारलं. मागे एकदा मी दुपारी घरी आले होते ते माझी आई गेली तेव्हा, म्हणून पोरीचा हिशेब तसा. “नाही गं,” मी म्हटलं, “सहज आले.” तिचा विश्वास बसला नाही. ती माझी बॅग ओढत आत घेऊन गेली आणि मला थेट तिच्या खोलीत नेलं, कारण तिथे दाखवण्यासारखं होतं. गेल्या रविवारी नवऱ्यानं दोन मजली पलंग आणला होता. “स्वस्तात मिळाला,” असं म्हणाला होता, इकडे-तिकडे बघत. मी तेव्हा लॅपटॉपमधून मान वर करून म्हटलं होतं, “दोन मजले? मग लिफ्ट लावून द्यायची का?” तो मनापासून हसला होता आणि मग बराच वेळ स्क्रू शोधत बसला होता. एका मुलीला दोन पलंग कशाला, हे मी विचारलं नव्हतं. दुसऱ्याच्या करारात स्वल्पविराम हरवला तर मला झोप लागत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

मुलगी शिडी चढून वर गेली. मी बूटसुद्धा न काढता खालच्या पलंगावर आडवी झाले. गादीवरचं प्लास्टिक अजून काढलं नव्हतं, ते पाठीखाली करकरत होतं. वर लाकडाच्या पट्ट्या होत्या आणि मुलीनं कूस बदलली की त्या किंचित वाकायच्या. खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं, इतकं की खोलीतली धूळ दिसत होती, आणि या वेळी या खोलीत ऊन येतं हे मला माहीत नव्हतं. “तू तिथे का झोपलीस?” वरून आवाज आला. “रिकामी होती जागा,” मी म्हटलं. ती म्हणाली, “बाबा म्हणतात, आत्ता रिकामी आहे.” मी डोळे मिटले. पाच जणांच्या खोलीत मी रात्रभर जिची वाट बघायचे ती एवढी मोठी रिकामी जागा माझ्या दोन्ही बाजूंना होती.

नवरा स्वयंपाकघरातून हात पुसत आला आणि दारात थांबला. लवकर कशी, बरं नाही का, असं त्यानं विचारायला हवं होतं. पण त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी कुठे पडलेय ते पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. “तो कागद,” तो म्हणाला, “बघितलास का? म्हणजे, घाई नाही.” माझ्याजवळ तीन मसुदे तयार होते. तिसरा तर चारच शब्दांचा, पण सगळा बरोबर. मी तोंड उघडलं आणि वरच्या पट्ट्यांकडे बघत राहिले. मला बोलायचं होतं, खरंच बोलायचं होतं, पण ते वाक्य संपल्यावर या खोलीत जे उरेल त्याच्याकडे मला बघवणार नव्हतं. तो थांबला. थांबायला तो पटाईत आहे, वर्गातलं सर्वांत मठ्ठ पोर उत्तर देईपर्यंत तो थांबतो. आमच्या घरात मी ज्याला नाही म्हणत नाही ते होतं. हे घर असंच घेतलं, मुलीची शाळा अशीच ठरली, हा पलंगसुद्धा. मी गप्प बसले की तो समजतो, आणि आजवर त्याचं समजणं कधी चुकलं नव्हतं.

तो आला आणि पलंगाच्या कडेवर बसला. प्लास्टिक करकरलं. त्यानं माझ्या पायातला एक बूट काढला, मग दुसरा, आणि दोन्ही नीट शेजारी-शेजारी ठेवले. “मला वाटलंच होतं,” तो अगदी हळू म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. मग नऊ वर्षांत त्यानं जे कधी केलं नव्हतं ते केलं. त्यानं घाई केली. मान वर करून तो मोठ्यानं म्हणाला, “ऐकलंत का हो वरच्या मजल्यावरच्या बाई, तुमच्या खाली भाडेकरू येणार आहे.” मग पोरीचं डोकं उलटं खाली लोंबकळलं, केस सगळे माझ्या तोंडावर. “खरंच? कधी? आई, कधी?” दोघंही माझ्याकडे बघायला लागली. ती पुन्हा वर गेली, काहीतरी ओढाताण केली, आणि तिच्या दोन उशांमधली एक माझ्या पोटावर येऊन पडली. “ही त्याला ठेव,” ती म्हणाली. मी उशी उचलली, खालच्या पलंगाच्या उशाशी नीट लावली आणि म्हटलं, “बरं.”